न्याय करणारा देव, न्याय देणारा देव

खराडीच्या जुन्या गावठाणालगतच्या एका चाळीत काही वर्षांपूर्वी एका मृताच्या घरच्या प्रार्थनेला मी हजर होतो. गेलेला माणूस पस्तिशीतला, गवंडीकाम करणारा. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ज्या काचेच्या उंच इमारती गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीच्या परांचीवरून पडून तो गेला होता. ठेकेदाराने दवाखान्याचा पहिल्या दिवसाचा खर्च दिला आणि पुढे फोन उचलणे बंद केले. प्रवचन करणाऱ्यांनी अंतिम न्यायावर बराच भर दिला. मृत्यू चोरासारखा येतो, प्रत्येकाला न्यायासनापुढे उभे राहायचे आहे, हिशेब चुकणार नाही, असा एकंदर सूर होता. प्रार्थना संपून चहाचे कप फिरू लागले तेव्हा मृताच्या पत्नीने त्यांना अगदी साधेपणाने विचारले, "फादर, देव आमचा न्याय करनार हाय, ते कळलं. पन आमाला न्याय देनार हाय का न्हाई?"

"देईल, बाई, देईल," असे म्हणून ते उठले. यात त्यांचा दोष मी धरत नाही. त्या प्रश्नाला तिथे उभ्या असलेल्या आम्हा कोणाकडेच उत्तर नव्हते. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि बायबलातील न्यायाची चर्चा जेव्हा जेव्हा वाचनात येते तेव्हा ती चर्चा या बाईंच्या दोन वाक्यांच्या मागेच राहिली आहे असे मला वाटत आले आहे. त्यांनी नकळत व्याकरणावर बोट ठेवले होते. 'आमचा न्याय' ही षष्ठी आणि 'आम्हाला न्याय' ही चतुर्थी. मराठी माणूस षष्ठीतल्या न्यायाला भितो आणि चतुर्थीतल्या न्यायासाठी मोर्चा काढतो. 'देव तुझा न्याय करील' हा आपल्याकडे जवळजवळ शाप आहे, तर 'आम्हाला न्याय द्या' ही मागणी आहे. एकाच शब्दाभोवती दोन परस्परविरुद्ध भावना उभ्या आहेत, आणि आपले चर्चमधील बोलणे बहुतेक पहिल्याच भावनेशी जोडले गेले आहे.

मूळ हिब्रूत ही फाळणी नाही. 'शाफात' हे क्रियापद तिथे थेट कर्म घेते. यशयाच्या पहिल्याच अध्यायात संदेष्टा लोकांना जे सांगतो त्याचे शब्दशः भाषांतर केले तर ते 'अनाथाचा न्याय करा' असे होईल, आणि मराठी वाचकाला वाटेल की त्या पोराने काही गुन्हा केला आहे. अर्थ मात्र उघड आहे: त्याचे जे हिरावले गेले ते त्याला मिळवून द्या. त्रेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता देवाला आपला न्याय करण्याची विनंती करतो तेव्हा तो शिक्षा मागत नसतो. खोट्या माणसांनी गांजलेला तो एक फिर्यादी असतो. या धातूपासून निघालेले 'मिश्पात' हे नाम निर्णय, हक्क, रीत, न्याय्य व्यवस्था असे सगळे अर्थ पोटात घेऊन वावरते.

या दृष्टीने आपल्या बायबलातील एका ग्रंथाचे नावच पाहण्यासारखे आहे. हिब्रूत ज्याला 'शोफतीम' म्हणतात तो ग्रंथ मराठीत 'शास्ते' या नावाने प्रसिद्ध आहे. शब्द भारदस्त आहे. पण शास्ता म्हणजे शासन करणारा, आणि शासन म्हणजे राज्यही व शिक्षाही. ज्यांच्या कथा या ग्रंथात येतात ती माणसे शिक्षा करणारी कमी आणि सोडवणारी अधिक आहेत. गिदोन शत्रूला भिऊन द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा शेतकरी. दबोरा डोंगराळ भागात एका ताडाखाली बसणारी बाई, जिच्याकडे लोक आपले तंटे घेऊन चढून जात. गावच्या पारावर बसून ऐकून घेणाऱ्या शहाण्या बाईचे हे चित्र आहे. 'शास्ते' हा शब्द ऐकून ते चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही, सिंहासन उभे राहते. भाषांतरकारांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. एका भाषेतला रुंद शब्द दुसरीत बसवताना त्याची एक बाजू कापावीच लागते. मात्र कोणती बाजू कापली गेली याची आठवण टीकेने ठेवली पाहिजे.

दुसरीकडे मराठीजवळ एक शब्द असा आहे की ज्याचा हेवा इतर भाषांनी करावा. तो म्हणजे निवाडा. निवडणे या क्रियापदाशी त्याचे नाते कानालाच कळते. नव्या करारात न्यायासाठी जो 'क्रिसिस' हा ग्रीक शब्द येतो, त्याचे क्रियापदही मुळात वेगळे करणे, निवडणे याच अर्थाचे आहे. ताटात तांदूळ घेऊन खडे निवडणारी घरातली बाई जे करते तेच हे काम. ती तांदळावर रागावलेली नसते. तिला भात शिजवायचा असतो. बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या मसीहाचे वर्णन करतो तेव्हा मराठी बायबलात त्याच्या हाती सूप येते. मूळ ग्रीक शब्द धान्य वाऱ्यावर उडवण्याच्या फावड्यासारख्या अवजाराचा आहे, पण सूप आल्याने मराठी वाचकाचा लाभच झाला आहे. खळ्यावर वारा कधी सुटेल याची वाट पाहत वावडीवर उभा राहिलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला उफणणीची घाई आणि संयम दोन्ही ठाऊक असतात. खराडीत आज खळे शोधून सापडणार नाही. तरी मुळा-मुठेच्या काठच्या या पट्ट्यात ज्वारी-बाजरीची खळी पाहिलेली पिढी अजून आहे, आणि भूस का जाळायचे हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात योहानाच्या तोंडी जाळही आहे, न विझणारा. तो गाळून सूप तेवढे ठेवता येणार नाही. याकडे मी पुढे येतो.

न्यायाची पहिली मोठी कथा सदोमाची, आणि ती आपण चुकीच्या टोकाकडून वाचतो असे माझे मत आहे. आपल्याला अग्नी आणि गंधक आठवते, मिठाचा खांब आठवतो. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात मात्र कथेची सुरुवात एका आरोळीपासून होते. सदोमाविरुद्धचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचला आहे, आणि देव म्हणतो की मी खाली जाऊन पाहतो, हे खरे आहे की नाही. सर्वज्ञ देवाला जागेवर जाऊन पंचनामा करण्याची काय गरज, असा प्रश्न भाबडा वाटेल; पण कथाकाराला तेच सांगायचे आहे. तक्रार ऐकली जाते आणि शहानिशा केल्याविना निकाल लागत नाही. मग अब्राहाम पुढे होतो आणि बाजारात भाजीचा भाव पाडावा तसा पन्नासांवरून दहांवर येतो. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश स्वतः न्यायाने वागणार नाही काय, असे तो देवालाच विचारतो, आणि देव त्याबद्दल रागावत नाही. शेकडो वर्षांनी यहेज्केल सदोमाच्या पापाची नोंद करतो तेव्हा गर्व, अन्नाची चंगळ आणि गरिबाला हात न देणे यांना तो अग्रस्थान देतो. कोणाच्या आक्रोशाने देव खाली उतरला असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

हाच सूर आमोसात टिपेला जातो. तकोवाचा हा मेंढपाळ, उंबराच्या जातीची फळे राखणारा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलला. त्याची रचना पाहावी. आधी तो शेजारच्या राष्ट्रांचे अपराध एकेक करून मोजतो. श्रोते माना डोलवत असणार. मग यहूदा येतो, आणि शेवटी ज्यांच्यापुढे तो उभा आहे ते इस्राएलच. जोड्याच्या मोलाने गरिबाला विकणारे, मापात पाप करणारे, शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट पाहणारे. या लोकांना परमेश्वराच्या दिवसाची ओढ होती, कारण त्या दिवशी शत्रूंचा नाश होईल असे त्यांनी धरले होते. आमोस त्यांना सांगतो की तो दिवस म्हणजे अंधार आहे. सिंहापासून पळावे तर अस्वल भेटावे, घरात शिरून भिंतीला हात टेकावा तर साप चावावा. न्याय पाण्यासारखा वाहू द्या हे त्याचे मागणे जगभर प्रसिद्ध झाले, पण तो न आटणाऱ्या ओढ्याची उपमा देतो हे आपल्यालाच नीट कळू शकते. त्याच्या मुलखातले ओढे आपल्याकडच्यासारखेच पावसापुरते. शिमग्याला ज्याच्या पात्रातून बैलगाडी जाते त्याला ओढा म्हणणाऱ्या माणसाला, बारमाही ओढा ही केवढी अशक्य मागणी आहे हे सांगावे लागत नाही.

सी. एस. लुईस यांनी स्तोत्रांवरील आपल्या १९५८ च्या पुस्तकात एक मार्मिक भेद दाखवला आहे. ख्रिस्ती माणूस देवाच्या न्यायालयात स्वतःला आरोपी म्हणून पाहतो. स्तोत्रकर्ता मात्र दिवाणी दाव्यातला वादी असतो आणि आपली सुनावणी व्हावी म्हणून आसुसलेला असतो. म्हणून तर शहाण्णवाव्या आणि अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रांत देव न्याय करायला येतो आहे या बातमीने झाडे गातात आणि नद्या टाळ्या वाजवतात. आरोपीच्या पिंजऱ्यातून हे काव्य समजणारच नाही. ब्याऐंशीवे स्तोत्र आणखी पुढे जाते: तिथे देव उभा राहून न्याय करणाऱ्यांचीच झडती घेतो, की तुम्ही दुर्जनांची बाजू किती दिवस घेणार?

लुईस यांचा भेद इथल्या समाजाला लावताना मला तो विशेष बोचतो. नगर रस्त्याने पुण्यात आलेल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्माची अट घातली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांपुरती ती सैल झाली. ख्रिस्ती दलितांपुरती राहिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. या दोन सालांमधले अंतर पुरेसे बोलके आहे. वादीच्या बाकावर इतकी वर्षे बसलेल्या समाजाला रविवारी मात्र आपण पिंजऱ्यातच उभे करतो, ही विसंगती आपल्या लक्षात का येऊ नये?

याला एक ऐतिहासिक कारण आहे. जुन्या लॅटिन अंत्यविधीतील 'दिएस इरे' या गीताने, क्रोधाच्या त्या दिवसाने, अनेक शतके ख्रिस्ती मनाला वळण लावले. व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९-७० च्या सुमारास ते अंत्यविधीच्या मिस्सातून गेले, काळी वस्त्रेही मागे पडली, पण ठसा गेला नाही. इथल्या मातीनेही त्यात भर घातली असावी. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द निःसंकोच घेतला. कोकणी ख्रिस्ती बोलीत नरकाला आजही यमकोंड म्हणतात. परकी कथा देशी ओवीत आणताना हे व्हायचेच, आणि त्या ग्रंथाचे वैभवही त्यातच आहे. (१९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली, हे आम्हा पुणेकरांनी विसरू नये.) पण यमाबरोबर चित्रगुप्तही येतो, आणि चित्रगुप्ताबरोबर वही. दानियेल आणि प्रकटीकरण या ग्रंथांत न्यायाच्या वेळी पुस्तके उघडली जातात हे खरेच. तरी आपल्या प्रवचनांतील हिशेबाची भाषा मला त्या दोन ग्रंथांपेक्षा चित्रगुप्ताच्या वहीला अधिक जवळची वाटते.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात वही नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मेंढरे एकीकडे, शेरडे दुसरीकडे. धनगराचा वाडा पाहिलेल्या माणसाला हे रोजचे दृश्य आहे. कळप दिवसभर एकत्र चरतो, निवड संध्याकाळी होते. या दृष्टान्ताचा गाभा मात्र निवडीत नसून दोन्ही बाजूंच्या आश्चर्यात आहे. प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले, असे उजवीकडचेही विचारतात आणि डावीकडचेही. ज्यांनी जमाखर्च ठेवला असता त्यांना आश्चर्य वाटले नसते. उजवीकडच्यांना आपली सत्कृत्ये आठवत नाहीत आणि डावीकडच्यांना तिथे देव होता हे कधी सुचले नाही. आणि निकष किती स्थानिक आहेत! भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, कैदी. खराडीहून शहराकडे निघाले की वाटेत येरवड्याचे कारागृह लागते. परक्यासाठी तर इतके दूर जायला नको, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आमच्या मागच्या गल्लीतच आहेत.

आता त्या न विझणाऱ्या जाळाकडे. अलीकडच्या काळात देवाचा न्याय हा विषयच टाळण्याकडे कल दिसतो. देव प्रेम आहे, तो कोणाला शिक्षा करीत नाही, असे गोड बोलून प्रवचन उरकले जाते. मला हे जुन्या भीतीपेक्षाही अधिक निष्ठुर वाटते. परांचीवरून पडलेल्या माणसाच्या बायकोला जाऊन सांगा, की देवाला कोणाचाच राग येत नाही! शेरडांना बाजूला काढणारा मेंढपाळ आपल्याला नको असेल तर मेंढराला शिंग लागते त्याचे काय करायचे? न्याय देणे यात कोणाकडून तरी काढून घेणे आलेच. म्हणून देवाचा क्रोध मला बायबलातून वजा करता येत नाही.

मात्र तो क्रोध कोणाच्या अंगावर ढकलायचा याचा अधिकार आपल्याला नाही, हे स्वतः येशूने स्पष्ट केले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, आणि देवाचा कोप झाला असे म्हणणारे सगळ्याच धर्मांत निघाले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची वार्ता आहे. ते इतरांपेक्षा पापी होते काय, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो आणि लगेच बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो. जन्मांधाच्या कथेतही पाप कोणाचे, याचे ना, आईबापांचे, या प्रश्नाला तो नकारच देतो. ईयोबाचे मित्र तेवढे सगळ्यांची उत्तरे जाणून होते, आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर.

पुण्याच्या इतिहासात न्यायाची जी कथा प्रत्येकाला पाठ आहे ती रामशास्त्री प्रभुणे यांची. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबोवांनी तोंडावर सांगितले, ही आठवण अडीचशे वर्षे टिकून आहे. दाविदापुढे उभ्या राहिलेल्या नाथानाची जात हीच. पण नाथान कायद्याचे कलम सांगत नाही, एका गरिबाच्या मेंढीच्या पिल्लाची गोष्ट सांगतो, आणि निकाल दाविदाकडूनच वदवून घेतो. रामशास्त्री पुणे सोडून गेले आणि रघुनाथराव रघुनाथरावच राहिले. दावीद मोडला आणि मोडूनच वाचला. इथवर ही कथा मला बायबलातील न्यायाचा सर्वोत्तम नमुना वाटते. पण पुढे त्याचे तान्हे मूल मरते, आणि ग्रंथ ते देवाने केले असे म्हणतो. बापाच्या गुन्ह्याचा निवाडा लेकरावर का, याचे अनेक भाष्यकारांनी दिलेले खुलासे मी वाचले. एकही पटला नाही, आणि पटवून घेण्याची घाई करू नये असे आता वाटते. अब्राहामाने देवाला विचारलेला प्रश्न अशाच जागी पुन्हा विचारायचा असतो.

लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा तो आपल्या परीने विचारते. नगरात एक न्यायाधीश आहे, देवाला न भिणारा, माणसाला न जुमानणारा. ती रोज त्याच्या दारी जाते. तिचे मागणे चतुर्थीतले आहे: मला न्याय मिळवून द्या. शेवटी तो कंटाळून देतो. येशू म्हणतो, हा असा न्यायाधीश देतो तर देव देणार नाही काय? पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला, आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांचे हात त्याला लागले. स्वतः विधवा असलेल्या आणि विधवांमध्येच आयुष्य घालवलेल्या बाईने हा दृष्टान्त मराठीत उतरवला, हे वाचताना मला नेहमी आठवते. भाषांतराच्या इतिहासात अशा योगायोगांना महत्त्व देत नाहीत. मी देतो.

त्या गवंड्याच्या वर्षाच्या मिस्साला कोणते वाचन घ्यावे असे त्याच्या घरच्यांनी मला विचारले होते. मी लूकचा हाच उतारा सुचवला. मिस्सा संध्याकाळी सहाची होती. त्याच दिवशी कामगार न्यायालयात नुकसानभरपाईच्या दाव्याची तारीख होती, आणि पुढची तारीख घेऊन त्या बाई परत आल्या तेव्हा वाचन संपून गेले होते. त्यांनी मागच्या बाकावर जागा घेतली, पिशवीतले कागद मांडीवर ठेवले आणि शेजारणीला हळूच विचारले, आज काय वाचले म्हणून.